हातात पिशवी नसलेली बाई

आपल्या गटांची गेल्या काही वर्षांतली निवेदने काढून बघा. सुरक्षित रस्ते, सुरक्षित प्रवास, सुरक्षित वसतिगृह, गल्लीत दिवे, चौकात कॅमेरे. ह्या मागण्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. त्यातल्या काही निवेदनांवर माझीही सही आहे. पण 'भटकणे' हा शब्द त्यांत कुठेच नाही. बाईला काही काम नसताना, कुणाला न विचारता, आपल्याच गावात उगाच फिरावेसे वाटू शकते, ही गोष्ट आपण मागणी म्हणून कधी लिहिलीच नाही. ह्याविषयी मला भांडायचे आहे, आणि हे भांडण सरकारशी कमी, आपसातले जास्त आहे.

मी १९८८ साली कॉलेजसाठी सोलापूरला आले. बार्शी तालुक्यातल्या खेड्यातून यायचे म्हणजे एस.टी., नाहीतर बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून पुढे मोठी गाडी. सोलापूरविषयी चांगले बोलणारे मला कुणी भेटले नव्हते. धूळ, जीव नकोसा करणारा उन्हाळा, नळाची वाट बघणे, गिरण्यांचा उतरता काळ. सगळे खरेच होते. पण एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू आणि बाजारात सगळ्यांची मिळून झालेली मराठी, असे शहर मी आधी पाहिले नव्हते. घराघरांतून चादरी-टॉवेलांच्या मागांचा खडखडाट यायचा. मला हे शहर बघायचे होते. सगळे बघायचे होते, नवी पेठ आणि सात रस्ता एवढेच नव्हे.

अडचण वसतिगृहाच्या वहीची होती. वहीत पाच रकाने: नाव, कुठे, कारण, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. संध्याकाळी सातनंतर दार बंद. मुलांच्या वसतिगृहात अशी वहीच नव्हती. 'कारण' ह्या रकान्यात काय चालते हे आम्ही महिन्याभरात शिकलो. दवाखाना चालतो. झेरॉक्स चालते. शिंप्याकडे ब्लाऊज टाकणे चालते. देवदर्शन तर केव्हाही चालते. आमच्यातल्या एकीने एकदा खरे लिहिले, 'किल्ला बघायला'. रेक्टरबाईंनी तिला बोलावून विचारले, "कुणाबरोबर?" भुईकोट किल्ला भर गावात आहे, दिवसाची वेळ होती, तरी पहिला प्रश्न हाच. त्यानंतर आम्ही सिद्धेश्वराचे दर्शन लिहू लागलो. देऊळ आणि किल्ला एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे लिहिलेले अगदीच खोटे नसायचे.

माझी एक मैत्रीण पूर्व भागात राहायची, पद्मशाली घरातली. तिची आई विड्या वळायची. तिच्याकडे राहायला गेले की सकाळी त्या रस्त्याला लागायचे हा माझा नेम झाला. विडीचे काम बाहेरून दिसते तेवढे हलके नाही. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कातरायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरत एकेक विडी वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे. हजार झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा माणूस मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकणार. त्यांची मजुरी नाही. पाने कमी पडली तर बाईने पदरचे पैसे घालून आणायची. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्याला तेव्हा वीसहून जास्त वर्षे उलटली होती, आणि छाट चालूच होती.

ह्या बायका सकाळी घोळक्या-घोळक्याने रस्त्याने जायच्या. कुणी अंधारातच निघालेली, कुणी तान्हे मूल कडेवर घेतलेली. शहर त्यांचेच आहे असे वाटावे इतक्या. त्यांना कुणी हटकत नसे. आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळी, आम्ही तिघी मोकळ्या हातांनी निघालो की पानाच्या टपरीवरून प्रश्न यायचा, "काय शोधताय?" ओट्यावरच्या म्हातारीचा, "कुणाकडं आलाव गं?" कधी सायकल थांबवून एखादा विचारायचा, घरी सांगून आलात का. रस्ता तोच, वेळ तीच. फरक एवढाच की आमच्याकडे ओझे नव्हते.

हे एकदा लक्षात आल्यावर सगळीकडे दिसू लागले. डोक्यावर घागर, हातात डबा, कडेवर पोर, औषधांची पिशवी, पूजेचे ताट: ह्यांपैकी काहीतरी असेल तर बाई रस्त्यावर चालते. ओझे हाच तिचा परवाना. पुढे आम्हीही एक कापडी पिशवी बरोबर ठेवू लागलो. आत काही नसायचे. ती नुसती हातात असली की प्रश्न निम्म्याने कमी व्हायचे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' ह्या पुस्तकात मुंबईच्या बायकांविषयी हेच मांडले: बाहेर असलेल्या बाईला सतत दाखवावे लागते की ती कामानेच बाहेर आहे. मुंबईत जर असे, तर सोलापूर-बार्शीची गोष्टच सोडा.

गावाबाहेर पडलो की हेच मोठ्या प्रमाणावर. तुळजापूरच्या गाडीत कंडक्टरने कधी काही विचारले नाही. अक्कलकोटच्या गाडीत नाही. बायकांनी भरलेल्या गाड्या, ओट्या, नारळ, नवस. अक्कलकोटला आम्हाला राजवाड्यातले शस्त्रागार बघायचे होते, पण ते बोलून दाखवायची गरज पडली नाही. स्वामींचे गाव म्हटल्यावर तिकीट फाटले. नळदुर्गच्या गाडीत मात्र, "एकट्याच निघालात व्हय?" आम्ही तिघी होतो! तिघी असून एकट्या, कारण बरोबर पुरुष नाही आणि नळदुर्गला जाण्यात देवही नाही. किल्ला तर असा की तिथे शाळांच्या सहली मुद्दाम न्याव्यात. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला आहे, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बांधावरून दोन धारा कोसळतात. त्यांची नावे नर आणि मादी. पाण्यालासुद्धा सोडलेले नाही.

पंढरपूरच्या वाटेवर बायका मैलोन्‌मैल चालतात, उघड्यावर झोपतात, आणि वारीला कुणी बेशिस्त म्हणत नाही. पण तिथेही पुष्कळजणींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतेच. देवाचे ओझे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटी जन्मली आणि वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला निघून गेली, असे परंपरा सांगते. बादशहाची माणसे न्यायला आली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. तिचे म्हणून तरटीचे झाड देवळात दाखवतात. मंगळवेढ्याहून निघालेली ती बाई नुसतीच निघून गेली असती, देवाकडे न जाता, तर आपल्याला तिचे नाव तरी कळले असते का?

आता आपल्या बैठकांमध्ये जे उत्तर मिळते त्याकडे येते. "आधी सुरक्षितता, मग भटकणे." ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण सुरक्षितता कुठे असते? मथुरेवर १९७२ साली बलात्कार झाला तो पोलीस ठाण्यात. तिच्या खटल्याच्या निकालाविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या आणि आपल्यातले कितीतरी गट त्या उठावातून उभे राहिले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी १०० मागे सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक मारहाण-जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. म्हणून कुणी बायकांसाठी घरे बंद करायला निघालेले नाही. संध्याकाळी सातनंतर घरात थांबू नका, असा नियम कोणत्या वसतिगृहाने केला आहे? धोका घरात असला की तो संसार, आणि रस्त्यावर असला की कुलूप.

त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न असतो. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, ह्या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची परवानगी आहे का? 'हो' म्हणणाऱ्या बायका १०० मध्ये ४२. आकडा वाईट आहेच, पण मला प्रश्न जास्त बोचतो. 'परवानगी' हा शब्द पाहणीलाही सहज सुचतो. आणि तळ्याच्या काठी नुसते बसायला जाता का, हे विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही.

महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर गेले. त्या दिवशी त्यांना मार बसला, पुढे खटला १९३७ पर्यंत चालला. तळे आधी सुरक्षित करून द्या, मग येतो, असे ते म्हणाले नाहीत. तळे सार्वजनिक आहे, म्हणजे आमचेही आहे, एवढेच म्हणणे होते. सार्वजनिक जागेचा हक्क असाच मागितला जातो. सुरक्षितता मागितली की देणारा मालक होतो आणि आपण राखणीचा ऐवज.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे भटकणे मध्यमवर्गीय, शिकलेल्या पोरींचे चोचले आहेत, कष्टकरी बाईला त्याचे काय? दलित मुलगी, मुसलमान मुलगी एकटी फिरताना दिसली तर तिला जे भोगावे लागेल ते सवर्ण मुलीला लागणार नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे एकेकीने धाडस करून सुटणारे नाही. पण कष्टकरी बाईला हौस नसते हे कुणी ठरवले? मैत्रिणीच्या आईने आयुष्य सोलापुरात काढले. कारखाना, नळ, देऊळ आणि दवाखाना सोडून तिने शहर पाहिले ते लालबावट्याच्या मोर्चात. मोर्चाच्या दिवशी विड्या नसत, सूप नसे, हात मोकळे. मोर्चा संपला की बायका तळ्याकाठी बसून भाकरी खात, आणि लवकर उठायचे कुणी नाव काढत नसे. ह्याच बायकांच्या लढ्यातून २००६ साली कुंभारीला दहा हजार घरकुले उभी राहिली. मागण्यांची यादी मोठी होती. पण तळ्याकाठच्या त्या तासाची मागणी त्या यादीत कधी आली नाही, कारण त्याला मागणी म्हणायचे आम्हाला कुणाला सुचले नाही.

आज काय आहे? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. फार चांगले झाले. गाड्या बायकांनी भरून वाहत आहेत. आता स्टँडवर उभे राहून बघा, किती जणी देवाला, माहेरी किंवा दवाखान्यात निघालेल्या नाहीत. शिवाय स्टँडवरच्या मुतारीचे काय? आम्ही दुपारपासून पाणी पीत नसू, आणि आजही मुली तेच करतात. मुंबईत २०११ साली 'राइट टु पी'वाल्या बायकांनी ह्यासाठी लढा उभारला तेव्हा आपल्यातल्याच काहीजणी हसल्या होत्या. मुलींच्या रक्षणासाठी नेमलेली पथके बागेत बसलेल्या मुलींना ओळखपत्र विचारतात आणि आई-बापांना फोन लावतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली, तीही मुलींच्या काळजीपोटीच. आपल्या 'सुरक्षित' ह्या शब्दाचे हे असे झाले आहे.

वसतिगृहांच्या वह्या अजून आहेत. काही ठिकाणी अंगठ्याचे यंत्र आले आणि आल्या-गेल्याचा निरोप थेट बापाच्या मोबाइलवर जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' अहवालाने २०१३ सालीच सांगितले आहे की सुरक्षिततेच्या नावाखाली विद्यार्थिनींच्या फिरण्यावर बंधने घालू नयेत. दिल्लीच्या मुलींनी २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत ह्याच कुलपांविरुद्ध रात्री मोर्चे काढले. आपल्या जिल्ह्यांत तो अहवाल किती रेक्टरबाईंनी पाहिला आहे, हे प्रत्येक गटाने जाऊन विचारावे.

आमच्या गटाने ह्या वर्षी चार वसतिगृहांना निवेदन दिले. त्यात कॅमेरा मागितला नाही, पहारेकरी मागितला नाही. वहीतला 'कारण' हा रकाना काढून टाका, एवढेच मागितले. एका ठिकाणी रेक्टरबाईंनी प्रेमाने चहा दिला आणि म्हणाल्या, "अहो ताई, पण घरच्यांचा फोन आला तर मी काय सांगू?" "मुलगी बाहेर गेली आहे, असे सांगा," आम्ही म्हणालो. त्यांनी निवेदनावर पोच दिली. निर्णय संस्थेच्या बैठकीत होणार आहे. निवेदनाचा मसुदा ज्या गटांना हवा असेल त्यांनी जरूर मागवावा.