भाच्याला तीन बंदुका हव्या आहेत

मागच्या महिन्यात काही शिक्षक मित्र हिवरे बाजार बघायला निघाले होते. जीपमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून भाच्याला सोबत घेतलं. पोरगा बारावीत आहे. नगरहून गाव जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर, पण तेवढ्या वाटेतही त्याने मोबाइलवरची मान वर केली नाही. काय बघतोय म्हणून डोकावलो, तर अमेरिकेतली एक स्पर्धा. एक माणूस धावत येतो, रायफलने दूरच्या पाट्या पाडतो, रायफल पिंपात ठेवतो, शॉटगन उचलतो, पुढे पळत जाऊन कमरेचं पिस्तूल काढतो. वर घड्याळ चालू. वेळ आणि नेम या दोन्हींचे मिळून गुण. या खेळाला मल्टीगन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"मामू, मला हे करायचंय," तो म्हणाला. त्याची यादीही तयार होती. कोणती दुर्बीण, कोणता पट्टा, कोणते बूट, कानाला काय, डोळ्याला काय. यादीत सराव हा शब्द कुठेच नव्हता.

मी त्याला हसलो नाही. या वयात मला हॉकी स्टिक हवी होती आणि हॉकी कशी खेळतात ते माहीत नव्हतं.

तरी काही गोष्टी त्याला सांगाव्या लागल्या. तो बघत होता तसा खेळ आपल्याकडे सामान्य माणसाला खेळता येणं जवळपास अशक्य आहे. त्या व्हिडिओतलं पिस्तूल बहुतेक ९ मिमीचं असतं, आणि ते आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. बंदुकीचा परवाना एकवीस वर्षांनंतर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण ती नेमबाज झाल्यावर. म्हणजे तीन बंदुकांचा हट्ट धरला, तर हातात एकही येणार नाही. एकीपासून सुरुवात केली, तर दार उघडं आहे. ४.५ मिमीची, ठरावीक ताकदीच्या आतली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल, दहा मीटरवर. तिला परवाना लागत नाही आणि ऑलिंपिकमध्ये तिचं पदकही आहे.

गावात पोहोचल्यावर डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. माहिती देणारे काका पाण्याचा ताळेबंद समजावत होते. हिवरे बाजारची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पाठोपाठ आदर्श गाव योजना आली, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मला मात्र दरवेळी थांबवतं ते एकच. हे गाव आधी पाणी मोजतं आणि मग पीक ठरवतं. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल. उरलं तर पुढचं पीक. ऊस आणि केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. पैसा नसल्यामुळे हे घडलं असं नाही. पैसा आल्यावरही त्यांनी ऊस लावला नाही.

तेवढ्यात लांबून धडाड असा आवाज आला. मग पुन्हा एक. भाचा दचकला. काकांनी वळूनही पाहिलं नाही. "केके रेंज," ते म्हणाले. खारे कर्जुन्याच्या बाजूला लष्कराचा सराव चालतो, रणगाड्यांचे गोळे असतात. नगर, पारनेर, राहुरीच्या गावांना या आवाजाची सवय आहे. त्या रेंजसाठी जमीन जाण्याची धास्तीही आहे, तो वेगळा विषय. नगरच्या पोरांना बंदुकीचं वेड लागतं याचं मला कधी नवल वाटलं नाही. आर्मर्ड कोअरची शाळा आपल्याकडे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आपल्याकडे. एवढं सगळं असून जिल्ह्यातल्या साध्या घरातल्या मुलाला दहा मीटरची रेंज सहज सापडत नाही.

परतीच्या वाटेवर मी त्याची यादी मागून घेतली आणि म्हटलं, आपण हिचा ताळेबंद मांडू. आधी तुझ्याकडे काय आहे ते सांग. दोन हात, रोजचा एक तास, शाळेतल्या एनसीसीत मारलेल्या पाच-दहा गोळ्या, आणि बापाचा टेम्पो. बस्स. आता या पाण्यावर कुठलं पीक येईल?

परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. त्यावर जाड जॅकेट, पॅन्ट, विशेष बूट, हातमोजा. आणि वाढत्या वयाच्या पोराला जॅकेट दोन वर्षांत तोकडं होतं. हे आधी घेणं म्हणजे अवर्षणात ऊस लावणं. भारतीय बनावटीची सरावाची रायफल खूपच कमी पैशांत मिळते, आणि क्लबची असेल तर तेवढेही लागत नाहीत. पहिल्या वर्षी पैसे घालायचेच असतील तर छर्ऱ्यांवर घालावेत, आणि मापाच्या सपाट तळाच्या बुटांवर.

दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं. बॉलपेन टेकवून उचललं की उमटतं तेवढं. छर्रा त्याहून नऊपट जाड. ते टिंब बंदूक गाठत नाही, शरीराची स्थिरता गाठते. आणि ती घरात तयार होते. भिंतीवर एक ठिपका काढायचा. पाय रोवून नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम ठिपक्यावरून सरकला असेल तर हात हलवायचा नाही, पाय हलवायचे. शरीर आपोआप जिथे रोखलं जातं तिथेच लक्ष्य आणायचं. हे कळायला काही मुलांना महिना लागतो, काहींना वर्षभरात कळत नाही. मग रिकामी बंदूक, चाप हळू, दाबताना नेम हलला का हे प्रामाणिकपणे बघणं, आणि चाप सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहणं. पिस्तूल करायचं असेल तर एक लिटर पाण्याची बाटली हात ताठ करून धरायची. एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत असू शकतं. अर्धा मिनिट धरून बघा, खांदा काय म्हणतो ते कळेल.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसूफ दिकेच एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य घेऊन गेला. आपल्या ग्रुपांवर तो फोटो 'साधनं लागतच नाहीत' अशा मजकुरासह फिरत होता. हे खोटं आहे. पिस्तूल त्याचंही स्पर्धेचंच होतं. त्याने डोळ्यावरची भिंगं आणि झापडं टाळली, कारण त्याला ती लागत नाहीत हे त्याला माहीत होतं. ती त्याची पाचवी ऑलिंपिक होती. काय नको हे ठरवायलाही वर्षं लागतात.

आपल्या जवळचं उदाहरण स्वप्नील कुसाळेचं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, शिक्षक वडील, क्रीडा प्रबोधिनी, मग रेल्वेत तिकीट तपासनीस. रेल्वेच्या पगारातून त्याने पहिली स्वतःची रायफल घेतली, असं त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. म्हणजे राज्य पातळीवरचा नेमबाज होईपर्यंत तो दुसऱ्याच्या बंदुकीवर शिकला. १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. भाच्याच्या मल्टीगनला आपल्याकडे सगळ्यात जवळचा खेळ मला हाच वाटतो. बंदूक एक, पण गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून. तीन बंदुकांऐवजी तीन शरीरं म्हणा. प्रत्येक स्थितीत तोल वेगळा, श्वास वेगळा, रायफलचा दस्ता आणि पट्टा पुन्हा जुळवायचा. राही सरनोबत, अंजली भागवत, या दोघी एनसीसीतून आल्या. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, त्याच वर्षी तिचे वडील गेले होते. यांतल्या कुणाच्याही घरी बंदुकांचं कपाट नव्हतं.

हे सगळं भाच्याला पटलं. अडचण घरी आली.

बहीण म्हणाली, "भाई, तुम्ही त्याला नाद लावू नका. त्याच्या हातातल्या बंदुकीचा एक फोटो फिरला तर आपण कुणाकुणाला सांगत बसायचं की ती छर्ऱ्याची आहे?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पोकळ वाटलं. कारण ती चुकीचं बोलत नव्हती. दोन वर्षांपूर्वी ओळखीतला एक मुलगा स्पर्धेला निघाला होता. एका बसस्थानकावर त्याची पेटी उघडायला लावली. सोबतच्या तीन मुलांच्या तशाच पेट्या होत्या, त्या उघडल्या नाहीत. ओळखपत्र, क्लबचं पत्र, सगळं होतं. नाव वाचल्यावर पुन्हा पहिल्यापासून प्रश्न सुरू झाले. गाडी चुकली. पोरगा स्पर्धेला पोहोचला, पण त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. हा तोटा कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही.

तरीही माझं मत बहिणीच्या विरुद्ध आहे. भीतीला कारण आहे म्हणून भीतीनेच निर्णय घ्यावा असं नाही. खुर्जाच्या मैराज अहमद खानने स्कीटमध्ये दोन ऑलिंपिक खेळली आणि २०२२ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, चांगवानच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं. त्यालाही पेटी घेऊन प्रवास करावाच लागला असेल. आपण मुलांना या खेळातून काढून घेतलं, तर मुसलमानाच्या हातातली बंदूक फक्त बातम्यांत आणि सिनेमात दिसेल. ती स्पर्धेच्या रेंजवर, शेजारच्या पाटलाच्या आणि कांबळेच्या पोरांच्या रांगेत दिसली पाहिजे.

आपल्याकडे तिरंदाजीची फजिलत सांगणारे पुष्कळ आहेत. त्याच हदीसांमध्ये अजून एक सूचना आहे, ती कमी सांगितली जाते. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाताना त्यांची टोकं हातात धरावीत, कुणाला लागू नये म्हणून. आजच्या कुठल्याही रेंजवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात. नळी माणसाकडे नाही, बोट चापावर नाही, बंदूक उघडी आणि रिकामी, पेटी बंद. सोबत कागदपत्रांची प्रत. पेटीत मोबाइलवरचे फिल्मी फोटो काढायला जागा नाही. भाच्याने बंदूक रोखलेला फोटो स्टेटसला ठेवला, तर त्या दिवसापासून सराव बंद, हे मी त्याला आधीच सांगितलंय.

आता माझा खरा मुद्दा. आपल्या मोहल्ल्यात शादीखाना आहे. लग्नसराई सोडली तर आठवड्यातले चार-पाच दिवस कुलूप. दहा मीटरच्या रेंजला नेमबाजाची जागा आणि मागचा आडोसा धरून पंधरा-सोळा मीटर लांबीची खोली पुरते. दोन रायफली, दोन पिस्तुलं, छर्रे अडवणाऱ्या लोखंडी पेट्या, लाइट. मोहल्ल्यातल्या एका मोठ्या लग्नात बिर्याणी आणि डीजेवर जेवढा खर्च होतो, त्यात हे बसतं. साधनं सगळ्यांची, पाळी नावाप्रमाणे, नोंद वहीत. हिवरे बाजारात विहीर माझी म्हणून पाणी माझं, असं चालत नाही. तसंच रायफलचं.

या गावाबद्दल आपल्या लोकांना एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिथे एकच मुस्लिम कुटुंब होतं आणि गावाने त्याच्यासाठी मस्जिद बांधली. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण ती आपल्याला इतक्यांदा ऐकवतात, की कधी कधी कान बंद होतात. मला त्यातून दिलाशापेक्षा एक प्रश्न मिळाला. बहुसंख्य असताना त्यांनी एका घराची गरज मोजली. आमच्या मोहल्ल्यात आम्ही बहुसंख्य आहोत, तिथे आम्ही काय मोजलं? म्हणून या रेंजचं दार शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही पहिल्या दिवसापासून उघडं हवं. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनशी जोडून, पोलीस ठाण्याला लेखी कळवून, जाणता प्रशिक्षक नेमून. लपूनछपून काही नको.

आक्षेप आलेच. एक ट्रस्टी म्हणाले, शादीखान्यात बंदुका म्हणजे आ बैल मुझे मार. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, वर लिहिलं तेवढंच आहे. दुसरा आक्षेप माझ्या एका डॉक्टर मित्राचा, तो मला जास्त वजनदार वाटला. छर्रे शिशाचे असतात. जिथे पोरं नेम धरणार तिथेच लोक जेवणार. पेट्या बंद तोंडाच्या हव्यात, फरशी झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी काही खायचं नाही. शक्यतो मागची साठवणीची खोलीच वापरावी, असं तो म्हणतो. तिची लांबी पुरेल का माहीत नाही.

आणि मुलींचं काय, हे एकानेही विचारलं नाही. भाच्याची धाकटी बहीण नववीत आहे. तीही एनसीसीत आहे, तिने पाचपैकी चार गोळ्या काळ्यात मारल्या. तिचं कुणी कौतुक केलं नाही, यादी तर दूरच. नेमबाजीचं जॅकेट-पॅन्ट सगळं अंग झाकतं, इराणच्या मुली स्कार्फ बांधून ऑलिंपिकला उभ्या राहतात. तेव्हा कपड्यांची सबब इथे चालणार नाही. पाळीच्या वहीत पहिलं नाव मी तिचं घालणार आहे.

शुक्रवारी नमाजनंतर ट्रस्टी भेटायला तयार झालेत. भाच्याला मोजपट्टी आणायला सांगितलीय. आधी ती मागची खोली मोजू.