निबंधांतील ‘मी’

वरच्या वर्गास मीं ‘माझी श्रद्धा व माझें आचरण’ हा विषय निबंधासाठीं दिला, तेव्हां बहुतेक वह्या एकाच साच्यांतून काढल्यासारख्या आल्या. सत्य हें माझें ब्रीद, परोपकार हा माझा धर्म, दीनांची सेवा हेंच माझें ध्येय! वह्यांवरील नांवें बदललीं असतीं तरी कोणाच्या ध्यानांत आलें नसतें. एका विद्यार्थ्यानें मात्र आपल्या हातून घडलेला एक प्रमाद जसाच्या तसा लिहिला. तो कोणता हें मी सांगणार नाहीं, कारण त्याचे वडील दुसऱ्याच दिवशीं शाळेंत आले व म्हणाले, “मास्तर, घरचीं लक्तरें वेशीवर टांगावयास आपण मुलांना शिकवितां काय?” मुलानें निबंध परत मागून घेतला. या अंकांत तो नाहीं.

त्या गृहस्थांचा संताप मी समजूं शकतों; मुलाच्या नांवाला बट्टा लागावा असें कोणत्या बापास वाटेल? तथापि, श्रद्धा ही नुसती उच्चारल्यानें पटत नाहीं, ती ज्या कृत्यांत दिसली, किंवा ज्या कृत्यांत उणी पडली, तें कृत्यच लिहिलें पाहिजे, असें माझें मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग 1934 सालीं प्रसिद्ध झाला. पति 1895 सालीं ख्रिस्ती झाले, तरी ह्या बाईंनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें. पुढें मन पालटलें, तें कसें पालटलें हें त्या सांगतात. पण आपला पूर्वीचा हट्ट झांकून ठेवीत नाहींत, उलट स्वतःस हंसतात. तो हट्ट वगळला असता, तर त्यांचें पालटणें आपणांस खरें वाटलें असतें काय?

आतां माझें सांगतों. कॉलेजांत असतांना मीं मनुष्यमात्राच्या समतेवर एक निबंध लिहिला. प्रोफेसरसाहेबांनीं तो वर्गांत वाचून दाखविला. सुटींत घरीं आलों. आमचें घर ख्रिस्ती, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होणारें. परंतु परसांतील कोनाड्यांत एक कान तुटलेली कपबशी झाडूवाल्या बाईंसाठीं निराळी ठेवलेली असे. त्या दिवशीं त्यांना चहा मीं दिला, तोहि वरून, कपास किटली लागूं न देतां. हात आपोआपच वर गेला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. कप धुऊन कोनाड्यांत ठेवून गेल्या.

तो निबंध अद्याप माझ्यापाशीं आहे. त्यांत कपबशीचा उल्लेख नाहीं.

पुढील वर्षीं हाच विषय पुन्हां देण्याचें मीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं ‘मी असा आहें’ असा आरंभ न करितां, ‘अमुक दिवशीं मीं असें केलें’ असा करावा. आणि पालकांनीं वही अवश्य वाचावी; मात्र रागवावयाचें असल्यास प्रथम मजकडे यावें.