शेतकऱ्याच्या मुलानें फुलपाखरावर कविता लिहावी काय?

लिंबाच्या कोंवळ्या पानांवरील अळी ही फुलपाखराचीच बालदशा होय, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या शाळेंत जाणाऱ्या मुलांस तें ठाऊक असतेंच असें नाहीं. ओसरीवर मूल फुलपाखराचें गाणें तालासुरांत म्हणत असतें, आणि त्याच वेळीं परसांत त्याच फुलपाखराच्या अळ्या औषधाच्या फवाऱ्याखालीं मरत असतात. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, ही जाणीव म्हणणाऱ्यासही नसते व ऐकणाऱ्यासही नसते. ही फारकत दूर करण्याचा एक सोपा व बिनखर्ची उपाय आम्हांस सुचतो, तो आज वाचकांपुढें ठेवतों.

मुलांकडून फुलपाखरावर कविता अवश्य लिहवून घ्यावी. मात्र ती झाडापाशीं बसून लिहवावी, आणि तिचा आरंभ पंखांपासून न करतां अळीपासून करावा, हें आमचें सांगणें आहे.

शेतकऱ्याच्या मुलास काव्याचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर बहिणाबाई चौधरी हें आहे. जळगांव जिल्ह्यांतील आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या या शेतकरी बाईस अक्षरओळख नव्हती. काम करतां करतां त्यांनीं रचलेलीं गाणीं घरच्या माणसांनीं टिपून ठेवलीं, व १९५१ सालीं त्या निवर्तल्यावर, १९५२ सालीं, तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. सुगरणीच्या घरट्यावरील त्यांचें गाणें मराठी माणसास परिचित आहे. पक्षी घरटें विणतांना ज्यानें लक्ष देऊन पाहिलें नाहीं, त्यास तसें गाणें सुचणें शक्य नाहीं. तेव्हां काव्य हें रिकामपणाचें लक्षण नसून नीट पाहण्याचें फळ आहे. आणि नीट पाहणें हें तर शेतीचें अर्धें भांडवल होय.

आतां कृति कशी करावी तें सांगतों. शाळेजवळील अथवा घराजवळील लिंबाचें एक झाड निवडावें, व त्यावर औषध मारूं नये. काळ्यापिवळ्या पंखांचें फुलपाखरूं कोंवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळें अंडें घालतें. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. ती प्रथम काळपट व पांढऱ्या डागांची असते. पक्ष्याची विष्ठाच पडली आहे असें वाटावें, म्हणजे तिला कोणी खाऊं नये. मोठी झाली कीं ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलें तर डोक्यामागून नारिंगी, दुफाट्या शिंगासारखा अवयव बाहेर काढते व उग्र दर्प सोडते. पुढें ती रेशमी धाग्यानें स्वतःस फांदीशीं बांधून घेते व तिचा कोष बनतो. उबदार दिवसांत हा सारा क्रम सुमारें महिन्याभरांत पुरा होतो.

आपल्या ओवीस चार चरण असतात. पहिल्या तिहींस यमक असतें, चौथा मोकळा व बहुधा आंखूड असतो. अंडें, अळी, कोष व पाखरूं या अवस्थाही चारच आहेत. मुलानें प्रत्येक अवस्था डोळ्यांनीं पाहिल्यावरच तिचा चरण लिहावा. रंगास व वासास नेमका शब्द सुचेना तर आजीस विचारावा. घरांतील जुने शब्दही त्या निमित्तानें मुलाच्या तोंडीं येतील. चौथा चरण कोष उघडेपर्यंत रिकामा ठेवावा. कारण कधीं कधीं कोषांतून फुलपाखरूं न निघतां बारीक परोपजीवी माशा निघतात. असें झालें तर मुलानें तेंच लिहावें. शेतकऱ्यास फुकट राबणारे मदतनीसही असतात, व सरसकट फवाऱ्यानें तेही मरतात, हा धडा त्याला त्या एका चरणांत मिळेल.

कवितेसाठीं बाग अळ्यांस खाऊं घालावी, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. रोपवाटिकेंतील रोपांचीं व नव्या कलमांचीं पानें या अळ्या फस्त करतात, हें खरें आहे. तेथें त्या हातानें वेंचून बांधावरील बेलाच्या झाडावर सोडाव्या. बेलाचीं पानेंही त्यांस चालतात. मोठ्या झाडाचें मात्र चार-दोन अळ्यांनीं कांहीं बिघडत नाहीं. त्यांच्यासाठीं सबंध बाग फवारणें म्हणजे पैसा व औषध वायां घालविणें होय. तसेंच रुई, एरंड व बहावा यांवर निरनिराळ्या जातींचीं फुलपाखरें वाढतात. बांध साफ करण्याच्या भरांत हीं सर्व झाडें तोडून जाळूं नयेत. फुलपाखरें राखल्यानें उत्पन्न दुप्पट होईल, असें आमिषही आम्ही दाखवीत नाहीं. परागीभवनांत मधमाश्यांचा वांटा त्यांहून मोठा आहे. परंतु ज्या बांधावर फुलपाखरूं जगूं शकतें, त्या बांधावर मधमाशीसही थारा मिळतो.

महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं राणी पाकोळीस राज्याचें फुलपाखरूं म्हणून मान दिला. असा मान देणारें हें देशांतील पहिलें राज्य. काळ्या पंखांवर निळसर पट्टे असलेल्या या मोठ्या पाकोळीच्या अळ्याही लिंबाच्या कुळांतील झाडांवरच वाढतात. शासनानें पाकोळीस मान दिला. तिच्या अळीस झाड देणें मात्र झाडाच्या मालकाच्या, म्हणजे आमच्या वाचकांच्या, हातीं आहे.

ज्या अळीसाठीं मुलानें महिनाभर शब्द शोधले, ती तें मूल पायाखालीं चिरडणार नाहीं, आणि उद्यां पंप त्याच्या पाठीवर आला म्हणजे फवारण्यापूर्वीं पान उलटून पाहील. म्हणून येत्या पावसाळ्यांत प्रत्येक सभासदानें लिंबाचें एक झाड मुलांच्या नांवें राखावें, व संध्याकाळीं त्यांची ओवी ऐकण्यास थोडा वेळ काढावा, एवढीच आमची विनंति आहे.