मूळ फ्रेमही पाठवा

पुढच्या अंकापासून या मासिकाच्या मोबाइल दालनासाठी येणाऱ्या प्रत्येक चित्रासोबत आणखी एक फाइल मागवली जाणार आहे: फोननं टिपलेली मूळ फ्रेम. तीन-चार फोटो जोडून चित्र केलं असेल, तर ते सगळे. निवड झालेल्या चित्राशेजारी मूळ फ्रेम लहान आकारात छापली जाईल. काहींना हा अविश्वास वाटेल, तर काहींना आपली युक्ती उघडी पडेल अशी धास्ती वाटेल. संपादक मंडळाचं म्हणणं नेमकं उलट आहे. मोबाइलवर काम करणाऱ्याचं कसब दिसतं ते मूळ फ्रेम आणि तयार चित्र यांच्यामधल्या अंतरात. ते अंतर वाचकाला कधी दाखवलंच जात नाही. म्हणून ‘ॲपनं केलं, त्यात काय’ असं म्हणत कुणीही उठतो आणि रात्रभराची मेहनत मोडीत काढतो.

ज्यांनी हे अंतर दाखवलं, त्यांच्या वाट्याला हा आक्षेप फारसा आला नाही. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या १ जून २००९ च्या अंकाचं मुखपृष्ठ जॉर्ज कोलंबो यांनी आयफोनवर ‘ब्रशेस’ नावाच्या ॲपमध्ये बोटानं रंगवलं होतं. टाइम्स स्क्वेअरमध्ये मादाम तुसाद संग्रहालयाबाहेर तासभर उभं राहून, रात्रीच्या दिव्यांत हॉटडॉगच्या गाडीभोवती जमलेली माणसं त्यांनी त्या इवल्याशा पडद्यावर उतरवली. ॲप स्टोअर सुरू होऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. ‘ब्रशेस’ची खुबी अशी, की मारलेला प्रत्येक फटकारा त्याच्या लक्षात राहायचा आणि चित्र पहिल्यापासून पुन्हा घडताना बघता यायचं. साप्ताहिकानं तो व्हिडिओही लोकांसमोर ठेवला. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनीही याच ॲपवर आधी आयफोन आणि मग आयपॅड हाताळला. त्यांच्या २०१० च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात चित्रं फोनच्या आणि टॅबलेटच्या पडद्यांवरच मांडलेली होती. पुढे २०११ चा यॉर्कशरमधला वसंत त्यांनी आयपॅडवर टिपला आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ती चित्रं मोठ्या छपाईत भिंतीवर लागली. रेष कशी आली, कुठे पुसली, रंग कितव्यांदा बदलला, हे बघितलेल्या माणसाला यंत्राचं श्रेय किती आणि हाताचं किती, ते सांगावं लागत नाही.

फोटो एडिट करणाऱ्यांच्या नशिबी ही सोय नव्हती. पण जवळपास तशी एक सोय बरीच वर्षं हाताशी आहे आणि अनेक जण तिच्याकडे वळूनही बघत नाहीत. स्नॅपसीड हे ॲप २०११ मध्ये निक सॉफ्टवेअरनं आयपॅडसाठी आणलं आणि ॲपलनं त्याला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट आयपॅड ॲप ठरवलं. २०१२ मध्ये गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. वर्ष संपायच्या आत ॲप मोफत झालं आणि अँड्रॉइडवरही आलं. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत केलेल्या बदलांची यादी, म्हणजे ‘व्ह्यू एडिट्स’, आली, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

पावसाळी दुपारचा एसटी स्टँडचा फोटो घ्या. आभाळ भरून आलेलं, पण फोटोत ते नुसतं पांढुरकं दिसतंय. स्नॅपसीडचा ‘ड्रामा’ फिल्टर लावला की ढग उठून येतात. त्याच झटक्यात पत्र्याच्या कडेला पांढरी झालर उमटते आणि बाकावर बसलेल्या आजींच्या चेहऱ्यावर काजळी धरते. बहुतेक जण इथेच थांबतात, किंवा इफेक्ट निम्म्यावर आणून तडजोड करतात. जाणता कलावंत ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जातो, ‘ड्रामा’च्या पायरीवर बोट ठेवून ब्रश उचलतो. आता तो इफेक्ट कुठेच लागलेला नसतो. जिथे बोट फिरेल तिथेच लागतो. आभाळावर शंभर, क्षितिजाजवळ पन्नास, पत्र्याच्या कडेशी पंचवीस. डोळ्याच्या खुणेवर बोट टेकवलं की मास्क लाल रंगात दिसतो आणि सुटलेले कोपरे सापडतात. ब्रशचा आकार पडद्याच्या मापानं ठरलेला असल्यामुळे फोटो जितका मोठा करावा तितका ब्रश बारीक चालतो. आजींच्या पदराच्या कडेनं तो फिरवायचा तर दोन बोटांनी फोटो ताणून श्वास रोखूनच फिरवावा लागतो. हे काम ॲप करत नाही. त्या यादीचा स्क्रीनशॉट मूळ फ्रेमसोबत आला, तर वाचकाला एका नजरेत कळेल की हे आभाळ कुणी घडवलं.

फोटो जोडून चित्र करणं ही काही फोनची देणगी नव्हे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये ‘जगण्याच्या दोन वाटा’ हे भलंमोठं चित्र तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एका छापात उतरवलं. त्यावर वादळ उठलं, पण आपण हे कसं केलं ते त्यांनी लपवून ठेवलं नाही. मँचेस्टरच्या प्रदर्शनातलं ते चित्र राणी व्हिक्टोरियानं विकत घेतलं. आपल्याकडचा दाखला त्याहून जवळचा आहे. नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजींच्या पूजेचं ‘मनोरथ’ रंगवताना यात्रेकरूंच्या फोटोतले चेहरे कापून रंगवलेल्या देहांवर चिकटवत, आणि जोड दिसू नये म्हणून वरून रंगाचा हात फिरवत. फोटोवर अपारदर्शक रंग चढवून खालचा छाप जवळजवळ झाकून टाकणारे स्टुडिओ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर होते. आजच्या कटआउटवाल्यांचे पूर्वज ते हेच, आणि ही परंपरा अभिमानानं सांगावी अशी आहे.

तिचा सर्वात मोठा वारसा आज कुठे आहे? महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावी, फ्लेक्सच्या दुकानांत. वाढदिवस, शिवजयंती, दहीहंडी, सरपंचपदाची निवड, कुणाच्या मुलाची पोलीस भरती: या सगळ्यांचे बॅनर आता कितीतरी ठिकाणी फोनवरच होतात. पिक्सेललॅब ॲपची तयार मांडणीची पीएलपी फाइल उघडायची, चेहरा बदलायचा, नाव बदलायचं, पीएनजी काढायची. हे काम करणारी पोरं स्वतःला कलाकार म्हणवून घ्यायला बिचकतात आणि फोटोग्राफीची मासिकंही त्यांची दखल घेत नाहीत. ही चूक सुधारायला हवी. वीस चेहऱ्यांची उतरंड एका फ्रेममध्ये बसवणं, मानापमान सांभाळून प्रत्येकाचा आकार ठरवणं, दुरून वाचता येईल असं देवनागरी अक्षर निवडणं ही मांडणीची खरीखुरी परीक्षा आहे. अक्षराच्या बाबतीत तर आता अडचणही उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइपनं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फाँट मोफत मिळतात, जोडाक्षरं नीट जुळवतात आणि युनिकोड असल्यामुळे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले तरी मजकुराचा विचका होत नाही.

याच मंडळींशी एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. ती चेहऱ्याबद्दल आहे.

‘फेस स्मूथ’ नावाची एक रीत आपल्याकडे रुजली आहे. स्केचबुक ॲपमध्ये फोटो उघडायचा, स्मजचा ब्रश घ्यायचा आणि गाल, कपाळ, हनुवटी एकसारखी होईपर्यंत घासत राहायचं. मग केसांच्या बटा एकेक करून वेगळ्या रंगवायच्या. बटा रंगवण्यात हात लागतो, त्याला दाद द्यावीच लागेल. पण घासलेला चेहरा कुणाचा उरतो? उन्हात राबलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांकडेच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, ओठावरचा तीळ, सगळं सपाट. त्यावर लाइटरूमचा प्रीसेट. तिथे कातडी उजळायला कलर मिक्समधला नारिंगी रंग धरतात: त्याचं सॅच्युरेशन खाली, ल्युमिनन्स वर. सावळा माणूस गोरा होतो खरा, पण त्याच नारिंगीत विटांची भिंत आहे, झेंडूचं तोरण आहे, भगवा आहे. तेही सगळे फिक्कट पडतात. ही तांत्रिक चूक झाली. मोठी चूक अशी, की ज्या माणसानं विश्वासानं आपला फोटो दिला, त्याला त्याचा रंग नाकारला. माणसांची चित्रं निवडताना हे मासिक यापुढे मूळ फ्रेममधली कातडी आणि तयार चित्रातली कातडी शेजारी ठेवून बघणार आहे. निळ्या रंगाचा चेहरा चालेल, अर्धा चेहरा पानांचा केलेला चालेल, कारण तिथे कलावंतानं काही म्हटलेलं असतं. नुसता गोरा केलेला चालणार नाही.

आता ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. आजचा फोन बटण दाबताक्षणी अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, नॉइज पुसतो आणि मग एक जेपीईजी हातात ठेवतो. २०२३ च्या मार्चमध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि सॅमसंगच्या फोननं टिपला. फोननं त्यावर चित्रात नसलेले बारकावे उमटवले. चंद्र ओळखून तपशील वाढवण्याचं तंत्र त्यात आहे, हे कंपनीनंही सांगितलं. म्हणजे कलावंतानं बोट लावायच्या आधीच कुणीतरी चित्रावर हात फिरवलेला असतो. ज्यांना तो हात नको असेल त्यांनी रॉ घ्यावं. लाइटरूमच्या मोबाइल कॅमेऱ्यात २०१६ पासून डीएनजी ही रॉ फाइल टिपता येते, आणि ॲपलचं प्रोरॉ २०२० च्या डिसेंबरमध्ये आयफोन १२ प्रोवर आलं. पण प्रोरॉमध्येही फोननं जुळवलेल्या फ्रेम असतात, हे लक्षात असू द्यावं. या दालनापुरती व्याख्या साधी आहे: फोननं सर्वात आधी साठवलेली फाइल ती मूळ फ्रेम. डीएनजी असेल तर उत्तमच.

शब्द टाइप करून तयार होणाऱ्या प्रतिमांमुळे या मागणीला आणखी धार आली आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतला आपला पुरस्कार नाकारला, कारण चित्र एआयनं केलेलं होतं. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटी चाल खेळली: डोकं पिसांत खुपसलेल्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. त्याला पुरस्कार मिळाला आणि सत्य कळल्यावर तो बाद झाला. तयार चित्राकडे टक लावून बसणाऱ्या परीक्षकाला यातलं काहीच कळणं शक्य नव्हतं. आयफोन फोटोग्राफी पुरस्कारांमध्ये संगणकावर केलेलं एडिटिंग चालत नाही, फोनवरच्या ॲपचं चालतं, आणि शंका आली तर मूळ फाइल मागवली जाते. या मासिकाला मूळ फाइल शंका आल्यावर नव्हे, आधीच हवी आहे. एआयचा भराव वापरला असेल तर तो कुठे वापरला एवढं एका ओळीत लिहावं. तेवढ्यासाठी चित्र बाद होणार नाही.

दुसऱ्याच्या फोटोचं काय? ‘गूगलवरून घेतला’ हा खुलासा इथे चालणार नाही. कलाकृतीचं रूपांतर करण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं मूळ हक्कधारकाला दिलेला आहे, आणि वाघाची पीएनजी मोफत मिळाली म्हणून तो वाघ टिपणाऱ्याचा हक्क संपत नाही. गड-किल्ले, आभाळ, झाडं, पाणी ज्यानं त्यानं स्वतः टिपून आपला साठा करावा. त्यातून चित्रांतलं एकसारखेपणही जाईल. सध्या एकच कडाडणारी वीज रायगडावरही दिसते आणि सिंहगडावरही.

फाइल पाठवण्याबद्दल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं. ४००० बाय ३००० पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयनं सुमारे १३ बाय १० इंच छापता येते. तीच लांबीकडून १६०० पिक्सेलवर आली की जेमतेम सव्वापाच बाय चार इंच उरते. शिवाय कधी आणि कोणत्या फोननं टिपलं ही फाइलमधली नोंदही पुसली जाते. म्हणून ईमेलनं पाठवावं, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. बॅनर पाठवणाऱ्यांनी फ्लेक्सचा प्रत्यक्ष आकारही लिहावा. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला ३००० बाय २४०० पिक्सेलची फाइल दिली तर इंचाला २५ पिक्सेल पडतात. चौकातून चालतं, मंडपाच्या दारात डोळ्यांना टोचतं. पडद्यावरचा भडक निळा फ्लेक्सवर जांभळट येतो, म्हणून एक हात लांबीचा नमुना आधी छापून बघावा आणि जमल्यास त्या छपाईचा फोटोही सोबत जोडावा.

प्रोक्रिएटमध्ये काम करणाऱ्यांनी टाइम-लॅप्स जोडावा. ॲप तो आपसूक टिपून ठेवतं. जुनी चित्रं पाठवणाऱ्यांकडे मूळ फ्रेम नसेल, फोन बदलताना ती गेली असेल, तरी चित्राचा विचार होईल. अशा चित्राखाली ‘मूळ फ्रेम उपलब्ध नाही’ एवढी ओळ छापली जाईल आणि शेजारची मूळ फ्रेमची चौकट रिकामी ठेवली जाईल.