घर कोणाच्या नावावर?

गेल्या ईदला मुलगा पुण्याहून साताऱ्याला आला आणि शिरखुर्म्याची वाटी हातात असतानाच त्याने विषय काढला. "हे घर आता पुरे झालं. जिना उभा, संडास परसात. पुण्याकडे ज्येष्ठांसाठी खास बांधलेले फ्लॅट आहेत. हे विकू, तिकडे घेऊ."

त्याची काळजी खोटी नव्हती. गेल्या पावसाळ्यात परसातल्या ओल्या फरशीवर आम्हा दोघांपैकी एकाचा पाय घसरला होता. कोणाचा, हे बाहेर सांगायचे नाही असे घरात ठरले आहे. महिनाभर अंथरुणावर काढला, हे मात्र खरे.

आम्ही पुण्याजवळची एक वसाहत पाहून आलो. सोय पाहून मन हरखले. दारे इतकी रुंद की चाकाची खुर्ची सहज जावी, कोठे उंबरठा नाही, बाथरूममध्ये धरायला दांड्या, उशाशी मदतीची घंटा. ही नुसती हौस नाही. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले आहेत. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, न घसरणारी फरशी, धरायला दांड्या आणि आणीबाणीची घंटा त्यांत आहेत. या गोष्टी विक्रीकरारातही याव्या लागतात. तेव्हा ज्यांना असे घर घ्यायचे आहे त्यांनी चकचकीत पुस्तिकेवर न जाता करार वाचावा.

पण परतीच्या एसटीत आम्ही दोघे गप्प होतो. खंबाटकी घाट ओलांडल्यावर एकमेकांना विचारले : सहेरीला पहाटे कोण उठवेल? जुम्म्याला मशीद किती लांब? आणि जो प्रश्न ओठावर यायला वेळ लागला तो हा, की मय्यत झाली तर गुस्ल द्यायला, खांदा द्यायला कोण येईल? आमच्या मोहल्ल्यात कोणी गेले तर निरोप पाठवावा लागत नाही. माणसे आपसूक जमतात. तिथल्या माहितीपुस्तिकेत योगवर्ग होता, वाचनालय होते. या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

फ्लॅटमध्ये माणुसकी नसते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सांगलीच्या आमच्या आपांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांचे घर कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आपांच्या घरात कपाटातले कपडेही वाचले नाहीत. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा त्यांनी ते घर सोडले आणि विश्रामबागेकडे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पाण्याची भीती गेली, पण इमारतीला लिफ्ट नाही आणि आपांचे गुडघे गेलेले. आठवडे आठवडे त्या खाली उतरत नाहीत. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन येतात, गणपतीत मोदक देतात, ईदला शेवयांची वाट पाहतात. आपा म्हणतात, "जिन्यानं तोडलं ते या बाईनं जोडलं."

आपांचा खरा घोर वेगळाच निघाला. फ्लॅट घेतल्यावर त्यांनी तो मुलाला हिबा करून टाकला. तोंडी, चार माणसांसमोर. "आपलंच लेकरू, कागद कशाला?" मुलगा वाईट नाही, पण आता तो फ्लॅट विकून धंद्यात पैसे घालायचे म्हणतो. आपांनी कोठे राहायचे, हे त्याने अजून सांगितलेले नाही.

म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी असे आम्हाला वाटते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा आहे आणि तो सर्वधर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकारी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने, उदारपणे वाचावा असे म्हटले. पण तोंडी दिलेल्या घराला अट कोठून दाखवणार? देणे असेल तर लिहून द्या, सांभाळाची अट स्पष्ट लिहा आणि आधी जाणत्या वकिलाला विचारा. हयातीत घर आपल्याच नावावर राहिले तर त्यात लाज नाही. कर्जाचा व्यवहारही लिहून ठेवावा, अशी शिकवण सूरह बकरामध्ये आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे.

मुलाला आम्ही एकच प्रश्न विचारला, "नवा फ्लॅट कोणाच्या नावावर?" तो म्हणाला, "माझ्या. कर्ज मला मिळेल." मग थोडा वेळ तो वाटीतला चमचा फिरवत बसला. जेवणानंतर स्वतःच म्हणाला, "नाही, तुमच्याच नावावर असायला हवं."

तूर्त आम्ही साताऱ्यातच आहोत. मुलानेच पैसे दिले. खालच्या खोलीला लागून कमोड बसवला, भिंतीला दांड्या लावल्या, परसात खडबडीत फरशी घातली. वरची खोली कुलूपबंद. एकटे राहणे झेपेनासे झाले तर पुढचे पुढे, पण तेव्हाही निर्णय आमच्याशी बोलून होईल, असे त्याने कबूल केले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला जाणार आहोत. भाचा घरी असेल अशी वेळ मुद्दाम धरली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये असे सांगितले आहे, हे तो लहानपणी मदरशात शिकला आहे. ते त्याला ऐकवायला आम्ही जात नाही. आपांसमोर बसून एवढेच विचारणार आहोत, "बाळा, घर विकल्यावर अम्मीचा पलंग कोठे मांडणार?"