निनावी रेषा

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली घरात लग्न निघाले की सवाशिणी भिंतीवर चौक लिहायला बसतात. गेरूने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. रेषा, त्रिकोण, चौकोन आणि मधोमध पालघट देवी. खाली कुणाचे नाव नसते.

हा चौक पाहिला की मला नसरीन मोहम्मदी आठवतात. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या नसरीन मुंबईत वाढल्या, लंडन-पॅरिसला शिकल्या. १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी शिकवले आणि १९९० साली त्यांचे निधन झाले. छोटा कागद, पेन्सिल, शाई आणि नुसत्या रेषा. ना माणूस, ना झाड. आजाराने हात साथ देईनासा झाला, तरी त्यांनी रेषा सोडली नाही. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी नवे दालन उघडले, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत एक नसरीन यांचे होते.

आपल्यापैकी किती घरांत हे नाव माहीत आहे? आपल्याकडे मुलीने चित्र काढले की 'तसवीर हराम' म्हणून वही मिटवली जाते. त्याच मुलीने मेंदीची नक्षी काढली की कौतुक! म्हणजे हात चालतो, तो फक्त दुसऱ्याच्या लग्नापुरता चालावा, एवढेच आपले म्हणणे. नसरीन यांच्या कागदावर तर तसवीरही नाही. मग अडचण धर्माची की मुलीची?

दुसरीकडे, नाव मुस्लिम म्हणून त्यांच्या रेषांत फक्त मशिदीची जाळी शोधणेही मला पटत नाही. बाईने स्वतः घडवलेली नजर पुन्हा जमातीच्या खात्यात जमा करण्याचाच तो प्रकार आहे.

नसरीन यांनी बहुतेक चित्रांना नाव दिले नाही, तारीख घातली नाही. ती त्यांची मर्जी होती. चौक लिहिणाऱ्या बायांना मात्र कुणी विचारलेच नाही. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले, बाजारात गेले, तेव्हा जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली. ते योग्यच झाले. पण ज्यांच्या हातांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या बायांची नावे कुठे आहेत?

नाव न लिहिणे आणि नाव न विचारले जाणे, यात फरक आहे. पुढच्या वेळी वारली चित्र विकत घ्याल, तेव्हा काढणारीचे नाव विचारा. आणि घरी वही मिटवण्याआधी आत काय आहे, ते एकदा पाहा.