शिखरजीच्या वाटेवरचा डबा



शिखरजीहून येऊन पंधरा दिवस झाले. वंदनेबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण मनात डोंगराआधी रेल्वेचा डबाच येतो.

आम्ही चाळीसजणी कोल्हापूर–धनबाद गाडीने निघालो. पारसनाथ स्टेशनपर्यंत दोन रात्री. दशम्या, शेंगाचटणी, लाडू, चिवडा, पाणी गाळायची फडकी, सगळं बरोबर. चाळीसजणी असलो की डबा आपल्याच घरचा वाटायला लागतो, आणि चूक तिथेच सुरू होते. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणून साडेपाचला डबे उघडले. ज्यांचे बर्थ होते ते प्रवासी उठून दाराशी उभे राहिले. ‘जरा ॲडजस्ट करा हो,’ हे आम्ही सांगितलं, विचारलं नाही. खरकटी भांडी बेसिनमध्ये विसळली, भाताची शितं अडकून पाणी तुंबलं. पुढच्या माणसाने दात कुठे घासायचे?

नागपूरला एक मुलगी आणि तिची आई चढल्या. पहाटे पाचला आमची भजनं सुरू झाली, टाळांसह. ती मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, थोडं सावकाश म्हणाल का? आईला आत्ता कुठे डोळा लागलाय.” आमच्यातलं कुणी उत्तर दिलं, “अगं, देवाचंच नाव घेतोय ना!” ते उत्तर मीच दिलं होतं. ती गप्प बसली. गया आल्यावर त्या उतरू लागल्या, तेव्हा कळलं की वडिलांच्या पिंडदानाला चालल्या होत्या. आईच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिने छातीशी धरलं होतं. मी बॅग उचलून द्यायला पुढे झाले. “राहू दे मावशी,” मुलगी म्हणाली. रागाने नाही, म्हणूनच जास्त लागलं.

रेल्वेचा नियम आहे, रात्री 10 ते सकाळी 6 ही झोपायची वेळ. 2017 साली ती 9 ऐवजी 10 पासून केली. मधला बर्थ लावायचा तो त्याच वेळेत. म्हणजे पाच वाजता आपण दुसऱ्याच्या झोपेतून एक तास काढून घेतला. न दिलेलं घेणं याला आपल्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या एक अक्का म्हणाल्या, “समोरचा ऑम्लेट खातो, ते आपण सोसतोच की. त्यांनी थोडं भजन सोसावं.” अक्का मोठ्या आहेत, पण मला पटलं नाही. एक तर आपण ते काही मुकाट्याने सोसत नाही, नाकाला पदर लावून तोंड फिरवतो, आणि समोरच्याला ते दिसतं. शिवाय तो त्याच्या सीटवर बसून खातो. आपला टाळ सगळ्या डब्यात ऐकू जातो.

मुनिमहाराजांच्या पाच समित्या आपण पाठ म्हणतो. वस्तू उचलताना-ठेवताना जपायचं, मळ टाकताना जागा बघायची, बोलताना तोलून बोलायचं. मुनींचं व्रत आपल्याला पेलणार नाही, पण सीटखाली दुसऱ्याच्या चपला चेपून आपली ट्रंक सरकवू नये, शेंगांची टरफलं खिडकीखाली टाकू नयेत, एवढं तर जमेल? मधुबनला रात्री दोनला वंदनेला निघताना आपण धर्मशाळेत किती हळू चाललो, आठवा. शेजारच्या खोलीत आपलीच माणसं झोपली होती ना!

पुढच्या यात्रेची बैठक आमच्याकडेच आहे. मी सांगणार आहे की पहाटेचा णमोकार मनातल्या मनात, टाळ बॅगेत, जेवायचं ते आपापल्या बर्थवर पाळीपाळीने, आणि भांडी पुसून ठेवायची, धुवायची मुक्कामी. अक्का चिडणार, नक्की. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा माझा खालचा बर्थ त्यांनाच देईन, मग बघू काय म्हणतात.